बीपी ७०, पेल्व्हिस फुटलेली: आधी सुरी की आधी कॅथेटर?

धमनीपुराण, संभाजीनगर (धागाकर्ता)

मागच्या धाग्यावर स्प्लीनची (प्लीहेची) चर्चा भलतीकडे गेली, म्हणून हा वेगळा धागा. प्रश्न नेमका आहे. रस्ता अपघात, बीपी ७०, नाडी १४०, पेल्व्हिस (कमरेच्या हाडांचं कडं) फुटलेली आणि पोटातही रक्त असल्याची शंका. पेशंट ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) न्यायचा की कॅथलॅबमध्ये, म्हणजे धमनीत कॅथेटर (नळी) घालून आतून रक्त थांबवतात तिथे?

जपानात ओसाका जनरल मेडिकल सेंटरने २०११ मध्ये या प्रश्नावर खोलीच बांधून टाकली. रुळांवर सरकणारं सीटी, अँजिओचं (धमन्यांचं चित्र घेणारं) मशीन आणि ऑपरेशनचं टेबल, सगळं एका जागी. पेशंट दारातून थेट त्या टेबलावर येतो. श्वासाची नळी घालणं, सीटी, पोट उघडणं, एम्बोलायझेशन (वाहणारी धमनी आतून बंद करणं), सगळं तिथेच होतं. टेबल एकदाही बदलावं लागत नाही. त्यांच्याच आधीच्या पेशंटांशी तुलना केली तेव्हा मृत्यू कमी झालेले दिसले, विशेषतः रक्त जाऊन होणारे.

अशी खोली आपल्याकडे लवकर येईल असं धरून चालू नका. पण तिच्यातली एक गोष्ट आजही फुकट मिळते, ती म्हणजे सर्जन आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (कॅथेटरने उपचार करणारा) दोघांना एकाच वेळी फोन करणं. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या २०२२ च्या निकषांत मोठ्या ट्रॉमा सेंटरला अट आहे की मागणी केल्यापासून ६० मिनिटांत कॅथेटरने रक्त थांबवायची प्रोसीजर सुरू करता आली पाहिजे. आपल्याकडे ही मागणीच उशिरा होते. पोट उघडून दोन तास झाले की "रक्त अजून जायलंय" हे कळतं आणि मग फोन. तोवर तापमान ३४, रक्ताचा पीएच ७.१, आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) २. अशा रक्तात मी उत्तम कॉइल (धमनी बंद करणारी बारीक तार) टाकली तरी तिच्याभोवती गुठळी धरत नाही. कॉइल हा नुसता मांडव, त्यावर वेल चढवायचा तो पेशंटच्याच रक्ताने.

कोणी आधी जायचं ते रक्त कुठून येतंय त्यावर ठरतं. पोटाच्या पोकळीत सांडतंय आणि बीपी उभं राहत नाही, तर सर्जन. पोकळी कोरडी आहे आणि पेल्व्हिसमधून धमनी वाहतेय, तर आम्ही कॅथेटरवाले. दोन्हीकडून असेल तर दोघं. खरी पंचाईत या तिसऱ्या गटाची आहे. आपापला अनुभव लिहा, पण आकड्यांनिशी.

मॉपमोजणी, लातूर

सर, गटवारी पटली. निर्णय कसा घ्यायचा ते कॅज्युअल्टीतल्या पोरांसाठी उलगडून लिहितो.

फास्ट सोनोग्राफी (पोटात रक्त आहे का ते झटपट बघणारी), छातीचा एक्सरे आणि पेल्व्हिसचा एक्सरे. तिन्ही मिळून दहा मिनिटांच्या आत आणि पेशंट जागेवरून न हलवता. पेल्व्हिसला घट्ट बांधायच्या चादरीबद्दल खाली कोणीतरी लिहीलच.

फास्टमध्ये पोटात रक्त आणि रक्ताच्या दोन पिशव्या देऊनही सिस्टॉलिक ९० च्या वर टिकत नाही: ओटी. सीटीचं नावसुद्धा काढू नका.

फास्ट निगेटिव्ह, पेल्व्हिस मोडलेली, बीपी टिकत नाही: पेल्व्हिसचं पॅकिंग (मॉप, म्हणजे कापडी घड्या, कोंबून दाब देणं) आणि अँजिओ. अँजिओची टीम अर्ध्या तासात सुईपर्यंत पोचणार असेल तर थेट अँजिओ. नसेल तर आधी पॅकिंग.

फास्टवर आंधळा विश्वास नको. पेल्व्हिस फुटली की मूत्राशयही फुटू शकतं, मग पोटातली लघवी फास्टमध्ये रक्तासारखीच काळी दिसते. शंका आली तर बेंबीच्या *वरून* पोटात सुई किंवा कॅथेटर घालून ओढून बघा. सहज १० मिली रक्त आलं तर ते पोटातलं. बेंबीच्या खालून घातलंत तर पेल्व्हिसच्या हिमॅटोमात (साठलेल्या रक्तात) शिराल आणि उगाच पोट उघडाल. उलट, रेट्रोपेरिटोनियममध्ये (पोटाच्या पोकळीमागच्या जागेत) लिटर-लिटर रक्त साठलेलं असतानाही फास्ट साफ निगेटिव्ह येते.

पॅकिंगची पद्धत: प्युबिसच्या (पेल्व्हिसच्या पुढच्या हाडाच्या) वर ६ ते ८ सेंमीचा छेद. पेरिटोनियम (पोटाच्या पोकळीचं अस्तर) उघडायचं नाही. मूत्राशय एका बाजूला सारायचं, बोटाने मागे सेक्रमपर्यंत (पेल्व्हिसच्या मागच्या हाडापर्यंत) जायचं आणि प्रत्येक बाजूला तीन मॉप. पहिला सर्वात मागे, एसआय जॉइंटच्या (सेक्रमच्या बाजूच्या सांध्याच्या) खाली, दुसरा मध्ये, तिसरा पुढे. नंतर दुसरी बाजू. हात बसलेला असेल तर पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

पोटही उघडायचं असेल तर तो छेद *वेगळा* ठेवा. वरचा मिडलाइन छेद खालच्या छेदाला मिळवला की हिमॅटोमा पोकळीत फुटतो, दाब जातो आणि मॉपचा उपयोग संपतो. ही चूक फार होते, कारण लांब मिडलाइन मारायची सवय हाताला लागलेली असते.

पेल्व्हिसमधला बहुतेक रक्तस्राव शिरांचा आणि मोडलेल्या हाडाच्या तोंडांचा असतो. धमनीचा वाटा ढोबळमानाने दहा-वीस टक्के. म्हणून पॅकिंगने बरेच पेशंट सावरतात. पण बीपी अजिबात न टिकणाऱ्यांत धमनीचा वाटा जास्त. पॅकिंगनंतरही रक्त लागतच असेल तर "थोडा वेळ बघू" म्हणू नका. तीच अँजिओची वेळ.

गेवराईवाला

आमच्यासारख्या ग्रामीण रुग्णालयात सर्जन नाही, सीटी नाही. आम्ही नेमकं काय करून पाठवायचं? बीडला, अंबाजोगाईला की थेट संभाजीनगरला?

एकशेआठ

गेवराईवाले डॉक्टर, अँब्युलन्सच्या, म्हणजे रस्त्यावरच्या बाजूने सांगतो.

पेल्व्हिसला चादर. दोन माणसांनी ओढून, क्लॅम्प लावून, *ट्रोकॅन्टरच्या* पातळीवर, म्हणजे मांडीचं हाड बाहेरून हाताला लागतं तिथे. निम्म्या वेळा ती वर, कमरेच्या पट्ट्याच्या जागी बांधलेली असते. तिथे बांधून पेल्व्हिस मिटत नाही, उलट उघडू शकते. गुडघे आत वळवून एकत्र बांधा. पेल्व्हिस हलवून बघण्याचा मोह आवरा, त्याने धरलेली गुठळी सुटते.

सलाईनची सुई मांडीत नको. पेल्व्हिसच्या शिरा फाटलेल्या असतील तर खालून दिलेलं सगळं तिथेच गळतं. दोन्ही कोपरांत १६ किंवा १८ नंबर. सीटीच्या कॉन्ट्रास्टलाही (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून द्यायच्या औषधाला) हीच सुई चालते, हातावरच्या बावीस नंबरमधून तो पुरेशा वेगाने सोडता येत नाही.

ट्रॅनेक्सामिक ॲसिड (टीएक्सए, गुठळी विरघळू न देणारं औषध) १ ग्रॅम, दहा मिनिटांत, शक्य तितक्या लवकर. नंतर ८ तासांत आणखी १ ग्रॅम. क्रॅश-२ या २०१० च्या अभ्यासात वीस हजारांवर पेशंट होते. तीन तासांच्या आत फायदा दिसला, तीन तासांनंतर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढले. म्हणून चिठ्ठीवर इंजेक्शनची वेळ लिहा. "टीएक्सए दिलं" एवढ्याने पुढच्याला काही कळत नाही.

कुठे पाठवायचं? जवळच्या मोठ्या दवाखान्यापेक्षा, फोनवर "सर्जन आणि रक्त दोन्ही तयार आहे" असं जे सांगतील तिथे. बीडहून संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. बीपी ७० च्या पेशंटला हा रस्ता झेपत नाही. वाटेत पोट उघडून बांधून देणारा सर्जन असेल तर तिथे थांबा.

मॉपमोजणी, लातूर

बरोबर. त्यात भर: जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जन आहे पण अँजिओ नाही, तर तिथल्या सर्जनने *पूर्ण* ऑपरेशन करायचं नाही. पॅक करायचं, फाटलेलं आतडं बांधून किंवा स्टेपल करून बंद करायचं, जोडायचं नाही. पोट उघडंच ठेवून त्यावर बोगोटा बॅग, म्हणजे प्लास्टिकचं झाकण, लावायची (निर्जंतुक युरोबॅग कापून शिवली तरी चालते) आणि पुढे पाठवायचं. तासाच्या आत ओटीतून बाहेर. ॲनास्टोमोसिस करत बसलात तर पेशंट थंड पडून येतो आणि ती जोडही टिकत नाही.

चिठ्ठीवर आत किती मॉप ठेवले ते *अक्षरांत आणि आकड्यांत* लिहा. पुढच्या सर्जनला हे माहीत नसलं तर गोंधळ होतो, आणि अँजिओवाल्यांनाही मॉपची एक्सरेत दिसणारी रेघ पडद्यावर कॉन्ट्रास्टसारखी दिसते.

धमनीपुराण, संभाजीनगर

अगदी. आणि पाठवणाऱ्यांनो, *साधा* सीटी करून वेळ घालवू नका. कॉन्ट्रास्ट नसेल तर रक्त कुठून येतंय ते दिसत नाही, फक्त साठलेलं दिसतं, आणि ते आम्हाला आधीच ठाऊक असतं. क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबणं त्याहून वाईट. जीव जाणाऱ्या पेशंटमध्ये किडनीची काळजी नंतर.

सीटी करणारच असाल (म्हणजे बीपी टिकतंय) तर धमनीची फेज २५-३० सेकंदांना आणि पोर्टल फेज ७० सेकंदांना. पहिल्या फेजमध्ये दिसलेला कॉन्ट्रास्टचा ठिपका दुसऱ्यात पसरला तर चालू रक्तस्राव. तसाच राहून फिका झाला तर फाटक्या धमनीवरचा फुगा, म्हणजे स्यूडोअ‍ॅन्युरिझम. फिल्मचा फोटो पाठवू नका, मॉनिटरवर स्क्रोल करतानाचा व्हिडिओ पाठवा.

भूलचूक, नांदेड

भूल देणाऱ्यांच्या बाजूने.

इंडक्शनला (भूल चढवायला) घाई नको. पोटाचे स्नायू सैल पडले की आतला दाब जातो आणि बीपी ४० वर येतं. म्हणून छातीपासून गुडघ्यापर्यंत पेंटिंग, ड्रेपिंग झालेलं, सर्जन हातात ब्लेड घेऊन उभा, *मग* केटामिन आणि सक्सा (स्नायू सैल करणारं औषध). केटामिनचा डोस निम्म्यावर आणा. गुडघ्यापर्यंत पेंटिंग यासाठी की जांघ मोकळी राहते आणि रेडिओलॉजिस्टला नंतर ड्रेप सोडायला लागत नाही.

सिस्टॉलिक ८०-९० वर ठेवा, रक्तस्राव थांबेपर्यंत. डोक्यालाही मार असेल तर ही सूट नाही, तिथे ११० च्या आसपास हवं. दुचाकी अपघातात, तेही हेल्मेटशिवाय, डोक्याला मार नाही असं गृहीत धरू नका.

तापमान ३५ च्या खाली, पीएच ७.२ च्या खाली, आयएनआर दीडच्या वर: इथून पुढे सर्जनला "सर, आता आवरा" सांगायचं काम आपलं. ओटीचा एसी बंद. कॅथलॅबमध्ये मशीनसाठी एसी जोरात असतो, तिथे पेशंट हमखास गार पडतो. वॉर्मर नसेल तर अंगाखाली-वर कोरडी ब्लँकेट, डोक्याला टोपी, फ्लुइड ३८-४० डिग्रीला. गरम सलाईनच्या बाटल्या अंगाला लावून भाजवू नका.

कॅल्शियम विसरलं जातं. रक्ताच्या पिशवीतला सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) ते खाऊन टाकतो. दर तीन-चार पिशव्यांमागे १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली तरी द्या, आयोनाइज्ड कॅल्शियम १.१ च्या खाली असेल तर जास्त. क्लोराइड असेल तर त्याच १० मिलीत सुमारे तिप्पट कॅल्शियम असतं, म्हणून ते सावकाश आणि मोठ्या शिरेतून.

पेढीवरचा माणूस, परभणी

रक्ताचं थोडं. एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा) वितळवायला ३७ डिग्रीला २०-३० मिनिटं लागतात. तुम्ही "लागेल तेव्हा मागवू" म्हणता तेव्हा तो अर्धा तास पेशंटच्या खात्यातून जातो. पहिल्याच फोनला सांगा: ४ पीसीव्ही (लाल पेशींच्या पिशव्या), ४ एफएफपी, आणि एफएफपी *आत्ताच* वितळवायला टाका.

लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट यांचं प्रमाण १:१:१. आपल्याकडच्या रँडम डोनर प्लेटलेटच्या (आरडीपी) हिशोबाने सहा पीसीव्हीला सहा एफएफपी, सहा आरडीपी. प्लेटलेट २०-२४ डिग्रीला हलत्या ट्रेवर राहतात, पाचच दिवस टिकतात. त्या फ्रीजमध्ये ठेवू नका, आणि तालुक्याला साठा असेल ही अपेक्षाही नको. घटक वेगळे होत नाहीत तिथे होल ब्लड घ्या, नुसत्या पीसीव्हीपेक्षा बरं. मात्र होल ब्लड फ्रीजमध्ये जितके दिवस राहील तितकं त्यातल्या प्लेटलेटचं काम कमी होत जातं.

गट कळेपर्यंत पुरुषांना ओ पॉझिटिव्ह चालतं. ओ निगेटिव्ह मूल होण्याच्या वयातल्या बायांसाठी राखा. आणि रक्त देण्याआधी सॅम्पल काढा, नंतर काढलेल्या सॅम्पलवर गटाचा घोळ होतो.

फायब्रिनोजेन (गुठळी धरणारं प्रथिन) लिटरमागे दीड ग्रॅमच्या खाली असेल तर क्रायो (तेच प्रथिन भरपूर असलेला प्लाझ्माचा भाग) १० पिशव्या. रिपोर्टला तास लागणार असेल आणि पेशंट ओल्या फडक्यासारखा सगळीकडून गळत असेल तर रिपोर्टची वाट बघू नका.

चिकटपट्टी

ओटीच्या टेबलवर अँजिओ होतो का? आमच्याकडे सी-आर्म (ओटीत फिरवता येणारं एक्सरे मशीन) आहे, अस्थिरोगवाले वापरतात.

ओटी सिस्टर, अंबाजोगाई

सर, टेबलवर अवलंबून. मधल्या खांबाचं लोखंडी टेबल असेल तर पेल्व्हिसच्या खाली खांब येतो, काहीच दिसत नाही. पेशंट टेबलावर उलट्या टोकाने ठेवला (डोकं पायाच्या बाजूला) तर पेल्व्हिस मोकळ्या भागावर येते. हे *आधी* करायचं असतं. पोट उघडल्यावर पेशंट फिरवता येत नाही. कार्बन फायबरची पाठ असलेलं ऑर्थोचं टेबल असेल तर ते घ्या.

सी-आर्ममध्ये व्हॅस्क्युलर मोड, म्हणजे सबट्रॅक्शन (हाडं पुसून फक्त धमन्या दाखवणं) आणि रोडमॅप (घेतलेल्या चित्रावरून वाट दाखवणं), आहे का ते दुपारी मोकळ्या वेळी मशीनवाल्याकडून बघून घ्या. रात्री दोनला नको.

लेड ॲप्रन स्क्रबच्या आधी घालायचा, गाऊन त्यावर. अँजिओ "लागेल कदाचित" असं असेल तर सर्जन, असिस्टंट, भूलवाले सगळ्यांनी सुरुवातीलाच घालावा. नाहीतर मधेच गाऊन सोडून पुन्हा स्क्रब करावं लागतं. ईसीजीच्या वायरी पोटावरून नेऊ नका. रिट्रॅक्टर (पोट उघडं धरणारं हत्यार) स्टीलचा असेल तर शॉटच्या, म्हणजे कॉन्ट्रास्ट सोडून चित्र घेण्याच्या, आधी काढायचा हे ट्रेवर लिहून ठेवते.

मॉपच्या संख्येबद्दल वर सर बोलले. आमच्याकडे फळ्यावर "आत ठेवलेले" असा वेगळा रकाना आहे. आत ठेवलेला मॉप नेहमीच्या मोजणीत मिसळला की रिलुकला (पुन्हा पोट उघडताना) घोळ होतो.

धमनीपुराण, संभाजीनगर

सिस्टर, टेबल उलटं करण्याची युक्ती लाखमोलाची.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी गोष्ट: *पोट उघडण्याआधी किंवा उघडत असतानाच* उजव्या कॉमन फेमोरलमध्ये (जांघेतल्या धमनीत) ५ फ्रेंचची शीथ (जिच्यातून कॅथेटर आत जातं ती नळी). बीपी बघायला आर्टेरियल लाइन म्हणून ती तशीही लागते. नंतर अँजिओ लागला तर दार उघडंच असतं. बीपी ५० वर आल्यावर, नाडी लागत नसताना सुई मारायची म्हणजे शीर आणि धमनी ओळखू येत नाही.

सोनोग्राफी लावून, फेमरच्या डोक्यावर. वर मारली तर इंग्विनल लिगामेंटच्या वर रक्त जातं आणि आपणच केलेला रेट्रोपेरिटोनियल हिमॅटोमा पेल्व्हिसचा समजून बसतो. खाली मारली तर स्यूडोअ‍ॅन्युरिझम. चादर जांघेवर येत असेल तर ती सोडू नका, तेवढ्या जागी खिडकी कापा.

पेल्व्हिससाठी कोब्रा कॅथेटर. आधी एओर्टा दुभागते तिथून पूर्ण शॉट, मग दोन्हीकडच्या इंटरनल इलियाकमध्ये (पेल्व्हिसला रक्त देणाऱ्या धमनीत). ठिपका नेमका दिसला आणि पेशंट थोडा स्थिर असेल तर मायक्रोकॅथेटर घालून फक्त तीच फांदी बंद. अस्थिर असेल तर नजाकत सोडा, दोन्ही इंटरनल इलियाकमध्ये जेलफोम (विरघळणारा जिलेटिनचा स्पंज).

जेलफोमचा लगदा: शीट कोरडी असतानाच कात्रीने १-२ मिलिमीटरचे तुकडे. १० मिलीच्या दोन सिरिंज, मध्ये थ्री-वे (तीन तोंडांची तोटी), एकीत तुकडे, दुसरीत सलाईन मिसळलेलं कॉन्ट्रास्ट. इकडून तिकडे पंधरा-वीस वेळा ढकला, दाटसर झालं की तयार. सोडताना सावकाश, पडद्यावर बघत. प्रवाह थबकला की थांबा. आणखी ढकललंत तर उलटं वाहून पायाच्या धमनीत जातं. जेलफोमची *पावडर* पेल्व्हिसमध्ये कधीच नको. ती फार बारीक असते, पार शेवटच्या केशिकांपर्यंत जाऊन नितंबाचे स्नायू, कातडी, नसा मारते. लगद्याचं बरं की काही आठवड्यांत तो विरघळतो आणि धमनी पुन्हा उघडते.

आयएनआर बिघडलेलं असेल तर कॉइल एकटी पुरत नाही. कॉइलच्या आधी जेलफोम, किंवा ग्लू (धमनीत घट्ट होणारा गोंद). ग्लूला लिपिओडॉल (पडद्यावर दिसणारं तेल) १:३ च्या आसपास. मायक्रोकॅथेटर ५ टक्के डेक्स्ट्रोजने धुवायचं, सलाईनने नाही, कारण सलाईन लागताच ग्लू नळीतच घट्ट होतो. सोडून झाला की कॅथेटर झटक्यात मागे, नाहीतर टोक आतच चिकटतं. ज्याने आधी ग्लू वापरलेला नाही त्याने रात्री दोनला पहिल्यांदा वापरू नये.

आणखी एक. सीटीत ठिपका दिसला आणि अँजिओत काहीच नाही, हे वरचेवर होतं. बीपी पडलेल्या पेशंटच्या धमन्या आकसलेल्या असतात, रक्तस्राव तात्पुरता थांबलेला असतो. अशा वेळी "निगेटिव्ह" म्हणून शीथ काढू नका. सीटीत ज्या फांदीवर दिसलं होतं ती आंधळेपणाने बंद करा.

कॅथलॅबकर

कार्डिओलॉजीची कॅथलॅब आहे पण रेडिओलॉजिस्ट नाही, अशी मराठवाड्यात बरीच ठिकाणं. कार्डिओलॉजिस्टने केलं तर?

धमनीपुराण, संभाजीनगर

इंटरनल इलियाकपर्यंत जाणं आणि जेलफोम सोडणं त्यांना जमण्यासारखं आहे. हात त्यांचाही रोजच धमनीत असतो. अडचण दोन ठिकाणी. एक, हृदयासाठीच्या बऱ्याच मशीनचा डिटेक्टर २० सेंमीचा असतो, अख्खी पेल्व्हिस एका शॉटमध्ये बसत नाही. उजवी आणि डावी वेगवेगळी घ्यावी लागते. दोन, हृदयाचे शॉट सेकंदाला १५ फ्रेमने घेतात, सबट्रॅक्शन नसतं. इथे २ ते ४ फ्रेम, सबट्रॅक्शनसह, आणि शॉट *लांब* घ्यायचा, शिरांच्या फेजपर्यंत. नाहीतर उशिरा दिसणारा ठिपका सुटतो. लिव्हर, किडनी मात्र त्यांनी घेऊ नये. तिथली शरीररचना वेगळी आणि चुकीची किंमत मोठी.

स्त्रीरोग, जालना

आम्ही पीपीएचमध्ये (बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात) इंटरनल इलियाक बांधतो. ट्रॉमात पोट उघडलेलंच असतं, तर बांधून का टाकत नाही?

मॉपमोजणी, लातूर

मॅडम, जोडधमन्या इतक्या असतात की मुळाशी बांधून खालच्या फांदीतला दाब पुरेसा उतरत नाही. त्यात हिमॅटोमा उघडून बांधायला जावं लागतं, म्हणजे दाब गेला. आणि तिसरं, धमनीपुराण सरांचं दार बंद. मूळ बांधलेलं असताना कॅथेटर पुढे जाणार कसं? अँजिओ कुठेच मिळणार नाही आणि पेशंट टेबलावरच जायलाय, तेव्हाचा शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

लिव्हरचंही सांगून टाकतो, कारण दोघांची खरी गाठ तिथे पडते. पोट उघडलं, लिव्हर फुटलेलं. पोर्टल ट्रायडवर (लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जुडग्यावर) क्लॅम्प लावा. रक्त थांबलं तर ते हिपॅटिक धमनीचं किंवा पोर्टल शिरेचं. थांबलं नाही तर मागून, हिपॅटिक शिरा किंवा व्हेनाकाव्हाचं (हृदयाकडे जाणाऱ्या मुख्य शिरेचं). त्याला कॅथेटरचा उपयोग नाही, फक्त पॅकिंग, आणि लिव्हर उगाच उचलून बघायचं नाही. पॅकिंग लिव्हरच्या वर आणि खाली, *भेगेच्या आत नाही*. भेगेत कोंबलं की ती आणखी उघडते. फार घट्ट केलं तर व्हेनाकाव्हा दबते आणि बीपी पडतं. भूलवाल्यांना विचारत विचारत मॉप ठेवा.

क्लॅम्पने थांबलं आणि पॅकिंगनंतरही पाझर चालू, तर पेशंट आयसीयूत *नेण्याआधी* अँजिओ. उद्या नाही. कॅथेटर सिस्टिक (पित्ताशयाच्या) धमनीच्या पुढे गेलं पाहिजे, नाहीतर पित्ताशय मरतं. तरीही लिव्हरचा तुकडा मरणं, पित्त गळणं, गळू होणं हे पुढच्या काही दिवसांत दिसू शकतं. ताप आणि वाढतं बिलिरुबिन हे "ट्रॉमा आहे, होतंच" म्हणून सोडू नका.

स्प्लीनसाठी या धाग्यात फार जागा नको. अस्थिर असेल तर काढा. स्थिर आहे, ठिपका आहे किंवा ग्रेड ४-५ आहे, तर मुख्य धमनी डॉर्सल पँक्रिएटिकच्या (स्वादुपिंडाच्या फांदीच्या) पुढे बंद करा. दाब उतरतो, शॉर्ट गॅस्ट्रिकमधून (जठराकडच्या छोट्या धमन्यांतून) स्प्लीन जगतं. काढलंच तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब लसी. पुस्तकात १४ दिवसांनी लिहिलंय, पण आपले पेशंट टाके काढायला गावाकडेच जातात, परत येत नाहीत. डिस्चार्जच्या आधी देऊन टाका.

चिकटपट्टी

एओर्टात बलून फुगवायचा, रेबोआ, तो आपल्याकडे आणायचा का?

भूलचूक, नांदेड

माझं मत नाही. २०२३ ची ब्रिटनमधली चाचणी, ९० पेशंट, मोठी ट्रॉमा सेंटर. ९० दिवसांत मृत्यू रेबोआवाल्यांत ५४ टक्के, नेहमीच्या उपचारात ४२. कारणांत एक ठळक होतं: बलून घालण्यात वेळ गेला, खरा रक्तस्राव थांबवायला उशीर झाला. जिथे सर्जनच दीड तासावर आहे तिथे बलून फुगवून बसलात तर खालचं आतडं, किडनी, पाय सगळं मरतं. वरच्या भागात, डायफ्रॅमच्या वर, अर्ध्या तासाच्या पुढे नेऊ नये म्हणतात. पेल्व्हिसपुरता, एओर्टाच्या खालच्या टोकाला, तासभर. अँजिओ टीम आणि सर्जन दोघं दारात उभे असतील तरच त्याचा विचार.

धमनीपुराण, संभाजीनगर

मी एवढा कडक नाही, पण आधी शीथ, फोन आणि रक्त हे तिन्ही नीट होऊ द्या. बलूनचा पैसा तोवर मायक्रोकॅथेटरवर घाला.

गेवराईवाला

कागदाचं काय? नातेवाईक नसतात, पोलीस येतात, योजनेवाले फोटो मागतात.

ओटी सिस्टर, अंबाजोगाई

संमती एकच, त्यात दोन्ही लिहायचं: पोट उघडणं, पॅकिंग, अँजिओ आणि एम्बोलायझेशन, पोट उघडं ठेवणं, पुन्हा ऑपरेशन. मधेच दुसऱ्या संमतीसाठी नातेवाईक शोधत बसायला नको. कोणीच नसेल तर दोन डॉक्टरांनी केसपेपरवर कारण आणि वेळ लिहून सही. जीव वाचवायला सद्‌हेतूने, संमतीशिवाय केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहे. एमएलसी (पोलीस केस) नोंदवा, पोलिसांना कळवा, पण त्यासाठी ऑपरेशन थांबत नाही.

एकशेआठ

मोटार अपघात असेल तर २०२५ ला अधिसूचित झालेली केंद्राची कॅशलेस योजना बघा. अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, नेमून दिलेल्या दवाखान्यांत. जन आरोग्य योजनेत फोनवरून तातडीची सूचना देऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर. आणि कॅज्युअल्टीतल्या सोनोग्राफी मशीनची आणि ते चालवणाऱ्या डॉक्टरची पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखालची) नोंद आधीच करून ठेवा. नोंद नाही म्हणून मशीन रेडिओलॉजीत कुलपात आणि पेशंट कॅज्युअल्टीत, असं व्हायला नको.

चिकटपट्टी

शेवटचा प्रश्न. एम्बोलायझेशन झालं, शीथ लगेच काढायची का?

धमनीपुराण, संभाजीनगर

नाही. आयएनआर दीडच्या खाली आणि प्लेटलेट पन्नास हजारांच्या वर येईपर्यंत राहू द्या, प्रेशर बॅग लावून. पहिल्या २४ तासांत पुन्हा रक्त जाण्याची शक्यता असतेच, तेव्हा तीच वाट कामाला येते. दर तासाला त्या पायाची नाडी, रंग, गारवा बघून चार्टवर लिहायचं. नाडी गेली तर शीथ लगेच काढून सर्जनला बोलवा. पॅकिंगचे मॉप २४ ते ४८ तासांत काढताना आधी रक्त तयार ठेवा, आणि मला त्या दिवशी सकाळीच सांगा. मॉप काढल्यावर वाहायला लागलं की संध्याकाळी फोन करू नका.